मुलीच्या फोनमधलं मन मोकळं करायचं ॲप काढून टाकू का?

एका आईने विचारलं आहे: “माझी मुलगी सतरा वर्षांची, बारावी सायन्सला आहे. दिवाळीपासून तिची झोप उडाली आहे, जेवणावर वासना नाही. विचारलं की ‘काही नाही, टेन्शन आहे’ एवढंच म्हणते. मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने फोनमध्ये मन मोकळं करायचं एक ॲप घेतलंय आणि रात्री एक-एक वाजेपर्यंत त्याच्याशी लिहून बोलत बसते. तिचे बाबा म्हणतात, काढून टाक ते. मला वाटतं, निदान तिथे तरी बोलतेय. काय करू? आणि ती काय लिहिते ते मी उघडून वाचू का?”

ताई, आज ते ॲप काढू नका. तिच्या नकळत उघडूनही बघू नका. दोन्हीची कारणं सांगते, पण त्याआधी एक काम आहे आणि ते ॲपपेक्षा निकडीचं आहे.

दिवाळीपासून झोप नाही, भूक नाही, बोलणं तुटलेलं. एवढं कानावर आलं की मी पहिला प्रश्न एकच विचारते, आणि तो तुम्हीही आज-उद्यात विचारायला हवा. दोघीच असाल तेव्हा विचारा. भाजी निवडताना, गाडीवरून क्लासला सोडताना. समोर बसवून नको. “तुला कधी असं वाटतं का गं, की जगूच नये? जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?” हे शब्द उच्चारताना आईची जीभ अडखळते, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. विचारलं तर नसलेला विचार तिच्या डोक्यात भरेल, अशी भीती वाटते. तसं होत नाही. बरीच मुलं आधी रडतात आणि मग बोलायला लागतात, कारण कुणीतरी शेवटी नाव घेऊन विचारलेलं असतं.

उत्तर “हो” आलं तर शपथा घालू नका, “आमचा विचार केलास का” असं म्हणू नका. तिला एकटी ठेवू नका. घरातल्या गोळ्या, आणि शेतीचं घर असेल तर फवारणीचं औषध, कुलपात जाऊ द्या. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र असेल तर १४४१६ हा नंबर लावा. ही ‘टेली मानस’ नावाची सरकारी सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. आता तिचं ॲपही आलं आहे, पण नंबर पुरेसा आहे. तो साध्या बटणाच्या फोनवरूनही लागतो. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. कुणासाठी लावलाय ते सांगायची गरज नाही.

उत्तर “नाही” आलं आणि ते तुम्हाला मनापासून खरं वाटलं, तर आता ॲपकडे वळू.

मी एकवीस वर्षं या वयाच्या मुलांबरोबर काम करते आहे. सुरुवातीच्या काळात मुलं मनातलं वहीच्या शेवटच्या पानावर लिहायची. रद्दी काढताना आईच्या हाती ते पान लागायचं आणि ते घेऊन ती माझ्याकडे यायची. आज ते पान फोनमध्ये गेलं आहे. फरक एवढाच, की हे पान उत्तर देतं. चांगलं उत्तर देतं की नाही, आणि ते लिहिलेलं कुठे जातं, या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे.

म्हणून तिचं ॲप नेमकं कोणत्या जातीचं आहे ते आधी समजून घ्या. काही ॲप ही निव्वळ नोंदवही असतात: आज मन कसं आहे, झोप किती झाली, काय घडलं. काहींमध्ये श्वासाचे, विचार तपासण्याचे, मन दुसरीकडे वळवण्याचे सराव असतात. ‘काम हार्म’ हे ब्रिटनमधल्या ‘स्टेम फोर’ या संस्थेचं ॲप त्यातलं. स्वतःला इजा करून घ्यायची ऊर्मी आली की ती लाट ओसरेपर्यंत करायच्या छोट्या कृती त्यात दिल्या आहेत. तिसरी जात म्हणजे गप्पा मारणारी ॲप. त्यांतही पुन्हा दोन प्रकार आहेत. एका प्रकारात उत्तरं माणसांनी आधी लिहून ठेवलेली असतात आणि यंत्र त्यातलं एक निवडतं. दुसऱ्या प्रकारात यंत्र स्वतःच वाक्य जुळवतं, चॅटजीपीटी त्यातलं. पहिलं कंटाळवाणं वाटतं, पण काय बोलेल याचा अंदाज असतो. दुसरं फार गोड बोलतं आणि कुठे घसरेल ते सांगता येत नाही.

यांचा उपयोग होतो का? होतो, पण जाहिरातीत म्हणतात तेवढा नाही. २०१७ साली अमेरिकेत ‘वोबॉट’ या बोलक्या ॲपची चाचणी प्रसिद्ध झाली आणि जगभर गाजली. दोन आठवड्यांत उदासीची लक्षणं कमी झालेली दिसली. पण त्यात माणसं होती ७०, वय १८ ते २८, आणि तुलनेच्या गटाला फक्त वाचायला एक पुस्तिका दिली होती. तुमच्या सतरा वर्षांच्या मुलीबद्दल, तिच्या परीक्षेच्या वर्षाबद्दल त्यावरून मी छातीठोक काही सांगणार नाही. पुढे ३० जून २०२५ ला ते ॲप बंदही झालं. जी मुलं रोज त्याच्याशी बोलत असतील त्यांच्या दृष्टीने ही छोटी गोष्ट नाही.

त्याहून भक्कम काम न्यूझीलंडमध्ये झालं. ऑकलंड विद्यापीठातल्या सॅली मेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पार्क्स’ नावाचा संगणकावरचा खेळ तयार केला. काल्पनिक जगात फिरताना मूल नकारात्मक विचार ओळखायला आणि परतवायला शिकतं. १२ ते १९ वयाच्या १८७ मुलांवरची त्याची चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. सौम्य ते मध्यम उदासी असलेल्या मुलांना तो खेळ नेहमीच्या समुपदेशनापेक्षा कमी पडला नाही. सौम्य ते मध्यम, हे शब्द विसरू नका.

आणि ही साधनं वापरून टिकणारी मुलं किती? २०१९ मध्ये मनःस्वास्थ्याच्या ९३ ॲपची पाहणी झाली. ॲप घेतल्यानंतर तिसाव्या दिवशी ते उघडणारे लोक, सगळी ॲप क्रमाने लावली तर मधोमध येणाऱ्या ॲपमागे, ३.३ टक्के निघाले. म्हणजे शंभरात तीन-चार. उदास माणसाला दात घासायला उठवत नाही, तो एकट्याने रोज ॲप उघडून सराव कुठून करणार! आळशीपणा म्हणून याकडे बघू नये. ते दुखण्याचंच लक्षण आहे.

यावर मला सापडलेलं सर्वांत समंजस उत्तर आपल्या शेजारचं, गोव्यातलं आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली. मानसोपचारतज्ज्ञ मोजके आहेत, मग साध्या माणसांना नीट शिकवून समुपदेशनाचं काम का देऊ नये, हा त्यांचा ध्यास. शाळकरी मुलांसाठी त्यांनी ‘पॉड ॲडव्हेंचर्स’ नावाचा मोबाइलवरचा खेळ बनवला आणि गोव्याच्या शाळांमध्ये करून पाहिला. खेळातल्या मुलामुलींसमोर अडचणी येतात, खेळणाऱ्याने त्या सोडवायच्या: अडचण कोणती ते नेमकं सांगायचं, तिच्यावर पर्याय शोधायचे, एक निवडून करून बघायचा. मग तीच रीत स्वतःच्या अडचणीला लावायची. मला यातली मोलाची गोष्ट खेळ ही नाहीच वाटत. मुलं तो शाळेत खेळायची आणि शिकवून तयार केलेला एक समुपदेशक तिथे हजर असायचा. कुणी अडलं तर विचारायला माणूस होतं, कुणाचं दुखणं खेळापेक्षा मोठं निघालं तर ते ओळखणारं माणूस होतं. फोनही मुलांचा असण्याची गरज नव्हती, आणि हे आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे, कारण अजून कितीतरी घरांत मुलीचा फोन म्हणजे खरं तर भावाचा फोन असतो.

तेव्हा कोणतंही ॲप समोर आलं की मी एवढंच बघते, याच्यामागे माणूस कोण आहे? तुमच्या मुलीच्या ॲपमागे आज कुणी नाही. काम तिथे करायचं आहे.

आता भाषेबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण याकडे कुणी लक्ष देत नाही. आपली मुलं “मला नैराश्य आलंय” असं म्हणत नाहीत. ती म्हणतात: कंटाळा आलाय, डोकं जड झालंय, कशात मन लागत नाही, छातीत धडधडतं, सगळं नकोसं झालंय. यातला ‘कंटाळा’ हा शब्द मी सर्वांत जपून ऐकते. सुट्टीतला कंटाळा वेगळा, आणि “मला सगळ्याचा कंटाळा आलाय” यातला वेगळा. आजी हा फरक ओळखते, कारण तिला आवाज ऐकू येतो. यंत्राला फक्त अक्षरं दिसतात, तीही बहुतेकदा रोमन लिपीत लिहिलेली मोडकी मराठी. अकरावीतल्या एका मुलाने (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) अशाच एका ॲपवर रात्री लिहिलं होतं, “आता बास झालं, मी मोकळा होतो.” समोरून उत्तर आलं, छान, मोकळं होणं गरजेचं आहे, चला एक श्वासाचा सराव करू. आपल्यातल्या कुणाच्याही पोटात हे वाक्य वाचून गोळा आला असता. त्या मुलाच्या खोलीतला सोबती जागा होता म्हणून पुढचं टळलं.

म्हणून एक परीक्षा सांगते. ते ॲप तुमच्या स्वतःच्या फोनवर घ्या आणि तुमच्या मुलीच्या बोलीत त्यात तीन वाक्यं लिहा. एक साधं: “पेपर वाईट गेला.” एक आडवळणाचं: “मी नसले तर सगळ्यांचे प्रश्न सुटतील.” आणि एक अत्याचाराबद्दलचं: “एक काका मला नको तिथे हात लावतात.” दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यावर त्याने सगळं थांबवून माणसाकडे पाठवलं पाहिजे, नंबर दिला पाहिजे, आणि तो नंबर भारतात लागणारा असला पाहिजे. अमेरिकेतल्या नंबरचा इथे काय उपयोग? हे मी उगाच सांगत नाही. २०१८ मध्ये बीबीसीच्या पत्रकारांनी दोन नावाजलेल्या ॲपवर लहान मुलाच्या तोंडून लैंगिक अत्याचाराची वाक्यं लिहून पाहिली, तेव्हा दोन्ही ॲपना मदत मागायला स्पष्ट सांगता आलं नव्हतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेला आपलं संवादी यंत्र बंद करावं लागलं, कारण उपाशी राहण्याच्या आजाराशी झुंजणाऱ्यांना ते वजन कमी करण्याचे सल्ले देत होतं. यंत्रं तेव्हापासून सुधारली आहेत. तरी परीक्षा घ्याच.

स्वतः वाक्य जुळवणाऱ्या यंत्राबद्दल माझी काळजी अधिक आहे. ते थकत नाही, चिडत नाही, आणि शक्यतो तुमच्या म्हणण्याला मान डोलावतं. रात्री एक वाजता “माझ्यावर कुणाचंच प्रेम नाही” असं लिहिणाऱ्या मुलीला मान डोलावणारा सोबती नको असतो. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनी, मुलाने आत्महत्या केल्यानंतर, चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला. मुलगा महिनोन्‌महिने त्याच्याशी बोलत होता, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यानंतर कंपनीने पालकांसाठी नियंत्रणं आणली. यंत्राजवळ मन मोकळं करण्याची ओढ मात्र जुनीच. १९६६ मध्ये अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा अगदी साधा प्रोग्रॅम लिहिला होता, समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारणारा. त्यांच्या सेक्रेटरीने तो कसा बनला ते पाहिलं होतं, तरी दोन-चार वाक्यं झाल्यावर तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. ऐकून घेणारं कुणीतरी हवं असणं यात तुमच्या मुलीचं काही चुकत नाही.

लिहिलेलं कुठे जातं, याबद्दल दोनच गोष्टी सांगते. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या ‘बेटरहेल्प’ या अमेरिकी कंपनीने गुप्ततेचं वचन देऊन लोकांची माहिती फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना जाहिरातीसाठी पुरवल्याचा आरोप तिथल्या सरकारी आयोगाने ठेवला, आणि २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची संमती आणि मुलांवर रोखलेल्या जाहिरातींना बंदी सांगितली आहे. जे ॲप वयच विचारत नाही, ते या बाबतीत बेपर्वा आहे असं समजा. मुलीला एवढं सांगा, की त्यात स्वतःचं पूर्ण नाव, कॉलेज, मैत्रिणींची नावं लिहू नकोस.

आता तुमचा दुसरा प्रश्न. वाचू नका. माझ्याकडे आलेल्या एका वडिलांनी मुलीचं ॲप उघडून वाचलं आणि तिसऱ्या दिवशी जेवताना तिचंच वाक्य तिला ऐकवलं. रागाने नव्हे, समजावण्याच्या ओघात. तिने ॲप काढून टाकलं, आणि त्यानंतर सहा महिने ती घरात कुणाशी, माझ्याशीही, काही बोलली नाही. तिला काय झालंय ते वाचून कळलं असेल, पण ते सांगायची वाट बंद झाली. अपवाद एकच: जिवाला धोका आहे अशी ठोस शंका आली, तर फोन उघडा, आणि उघडल्याचं तिला लगेच सांगा.

आता वापर. त्यातलं माझ्या सर्वांत कामाचं असतं ते मनःस्थितीच्या नोंदीचं पान. लातूरला ‘नीट’साठी राहणाऱ्या एका मुलाच्या नोंदीत दर रविवारी संध्याकाळी घसरण दिसायची. तो म्हणायचा, मला सोमवारची भीती वाटते. नोंद घेऊन बसलो तेव्हा उलगडलं, की क्लासच्या चाचणीचे गुण रविवारी दुपारी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर पडतात आणि चारच्या सुमारास घरून फोन येतो. आम्ही आईवडिलांना तो फोन बुधवारी करायला सांगितला. बाकीचे उपचार चालू होतेच, पण चार आठवड्यांत रविवार सावरला. ॲपने एकट्याने हे केलं नसतं, आणि नोंदीशिवाय मलाही ते दिसलं नसतं.

ॲपमधल्या प्रश्नावलीचे गुण मात्र तिच्या मनावर घेऊ देऊ नका. सहसा ती नऊ प्रश्नांची असते, शून्य ते सत्तावीस गुणांची. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, एकाग्रता कशी होती, असं त्यात विचारतात. जानेवारीत बारावीच्या कोणत्याही मुलाला विचारा, पाच-सहा गुण असेच पडतील. दहा किंवा त्याच्या वर आकडा म्हणजे ‘भेट घ्यावी’ एवढाच अर्थ आहे. निदान माणूस करतो. नववा प्रश्न मात्र मरणाच्या विचाराचा आहे, तिथे शून्याशिवाय काहीही असेल तर बाकीची बेरीज सोडून द्या आणि मी सुरुवातीला सांगितलं तिथे परत या.

रात्री एकला अंथरुणात ॲप नको. झोप उडालेल्या मुलीच्या तोंडावर उजेड टाकून तिला तिच्याच दुःखाबद्दल लिहायला लावणं, याने झोप येत नाही. तिच्याशी ठरवा, तुम्ही एकटीने ठरवून सांगू नका: संध्याकाळी क्लासहून आल्यावर पंधरा मिनिटं ती आणि ॲप. त्या वेळेत दार लोटलेलं असेल आणि कुणी हाक मारणार नाही. रात्री डोक्यात आलं तर उशाशी वही आणि पेन. एक ओळ लिहायची, बाकी उद्या संध्याकाळी. श्वासाचा सराव फोनशिवायही होतो: चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर, पाच मिनिटं. बाहेर सोडणं लांब हवं, तेवढं जमलं की पुरे. पहिले चार-पाच दिवस ती कुरकुर करेल.

आणि भेट. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक बिघडली असेल तर माणसाला दाखवावं, असा आमचा साधा हिशोब असतो. तुमचे तीन महिने होत आलेत. तेव्हा ॲप चांगलं निघो वा वाईट, भेट ठरवाच. आधी फॅमिली डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. या वयाच्या मुलींमध्ये थकवा आणि उदासीमागे कधी कधी तेही असतं. मग समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ. खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि किशोरवयीन मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक चालतात. “परीक्षा फेब्रुवारीत आहे, ती झाली की बघू,” असं बहुतेक घरांत म्हणतात. परीक्षा होईपर्यंत थांबलं तर तिला ती न झोपता द्यावी लागेल. आता गेलात तर निदान झोप तरी सावरायला वेळ मिळेल. तिथे जाताना ॲपमधली नोंद न्यायची की नाही, ते तिला ठरवू द्या.

तिच्याशी बोलायला सुरुवात कशी करायची, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण अडणार तिथेच आहे. असं म्हणून बघा: “तू जे लिहितेस ते मी वाचलेलं नाही, वाचणारही नाही. पण ते ॲप तुला कसं वाटतं ते मला सांगशील? कधी मूर्खासारखं उत्तर देतं का?” यंत्राच्या चुका सांगायला मुलांना आवडतं. त्या सांगता सांगता, आपण काय लिहिलं होतं तेही मुलं सांगून जातात. तेव्हा उपाय सुचवू नका. ऐका, आणि चहा टाका.

तिच्या बाबांनाही हे दाखवा. ॲप काढून टाक म्हणतात ते काळजीपोटीच. त्यांच्यावर एक काम सोपवा: गजराचं साधं घड्याळ आणायचं, आणि रात्री साडेदहाला बाहेरच्या खोलीत तिघांचे फोन एकाच बोर्डावर चार्जिंगला लावायचे. पहिला त्यांचा.